रीत दाखव



वेब डेव्हलपरच्या पहिल्या नोकरीसाठी दिलेल्या चार मुलाखतींत माझे इंग्रजी अडखळले. प्रमाणपत्रे कामी आली नाहीत. मग बडोद्यातील आमच्या गल्लीतील पोळीभाजी केंद्रासाठी मी मागणी नोंदविण्याचे संकेतस्थळ तयार केले आणि पाचव्या मुलाखतीत तेच दाखविले. “बटण दोनदा दाबले तर?” प्रश्न आला. दोन मागण्या नोंदल्या गेल्या असत्या! चूक मान्य करून, प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देऊन सर्व्हरवर दुसरी नोंद कशी रोखता येईल, हे मी कागदावर मांडले. नोकरी मिळाली.

गणिताच्या तासाला बाई म्हणत, “उत्तर राहू दे, रीत दाखव.” ती रीत मी मराठीतच शिकलो होतो. पालकहो, मुलांची प्रमाणपत्रे मोजू नका. त्यांनी स्वतः घडविलेले एखादे काम त्यांच्याकडून समजावून घ्या.