मुस्तफा विकत का मिळत नाही?

आजचा भाग शिर्डीहून, आमच्या घराच्या गच्चीवरून. मागे हॉर्न वाजले किंवा मधेच आरती सुरू झाली तर सांभाळून घ्या, इथे शांत जागा मिळणं अवघड आहे.

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. नववीत आहे. म्हणे, "दादा, तू सांगतोस तो मुस्तफा गेम मी टाकलाय, पण तो नीट चालत नाही." मी म्हटलं स्क्रीनशॉट पाठव. पाहतो तर कुठल्यातरी साइटवरून उतरवलेली एपीके फाइल, आणि ती परवानगी मागतेय एसएमएस वाचायची! मारामारीच्या गेमला एसएमएस कशाला वाचायचेत? फोन मामांचा, बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आधी ते ॲप काढायला लावलं, मग मामांना पासवर्ड बदलायला लावले. पैसे गेले नाहीत, सुटलो. पण पोराचा पुढचा प्रश्न रास्त होता: "मग खरा कुठे मिळतो? मी पैसे देतो ना."

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरा मिळतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये पार्लरच्या मशीनसाठी काढला. चार हिरो: जॅक, हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीवाला मुस्तफा. एका वेळी तिघे खेळू शकतात. तिसऱ्या लेव्हलला चक्क गाडी चालवायला मिळते. जाणकार म्हणतील की हा फायटिंग गेम नव्हे, बीट-एम-अप. बरोबर आहे, पण आमच्या पार्लरमध्ये जिथे ठोसे आहेत ते सगळं फायटिंगच होतं.

आमचं पार्लर एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. एका शटरमध्ये चार मशीन, एक पंखा, आणि "बटणं हळू दाबा रे" म्हणून ओरडणारे काका. मुस्तफाच्या मशीनवर कायम गर्दी. शिर्डीची एक गंमत म्हणजे शेजारी उभा राहणारा पोरगा कुठला असेल याचा नेम नाही. आईवडील दर्शनाच्या रांगेत किंवा लॉजवर झोपलेले, आणि पोरगं नाणी घेऊन इकडे सटकलेलं. एकदा एक तेलुगू बोलणारा मुलगा आला. त्याला मराठी येत नव्हतं, माझं हिंदी तेव्हा दिव्य होतं. त्याने मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "मुस्तफा?" मी मान हलवली. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं खेळलो. माझी लाइफ संपत आली की तो खायचं माझ्यासाठी सोडायचा. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. खोक्यावरचं इंग्रजी नाव आम्ही दोघांनीही कधी वाचलं नव्हतं, पण शेकडो किलोमीटर लांबच्या त्याच्या गावातही गेमचं नाव मुस्तफाच होतं.

तर इतका लाडका गेम कंपनी विकत का नाही? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी वाटलं की तांत्रिक अडचण असेल. अजिबात नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये अशाच सात जुन्या गेम्सचा 'बीट-एम-अप बंडल' काढला. 'फायनल फाइट' आहे, 'कॅप्टन कमांडो' आहे, 'नाइट्स ऑफ द राउंड' आहे. मुस्तफा नाही.

अडचण हक्कांची आहे. ही पात्रं कॅपकॉमची नाहीतच. मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकमधली ती आहेत. त्यावर १९९३ मध्ये सीबीएस वाहिनीवर कार्टून आलं. आणि कॅडिलॅक हा जनरल मोटर्सचा ट्रेडमार्क. म्हणजे गेम कॅपकॉमचा, माणसं शुल्ट्झची, नावातली गाडी तिसऱ्याची. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा नावं असली की ती जमीन विकताना काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

अशा गोष्टी सुटतच नाहीत असंही नाही. त्याच १९९३ सालचा कॅपकॉमचा 'द पनिशर' मार्व्हलच्या परवान्यामुळे वर्षानुवर्षं अडकला होता. २०२४ मध्ये 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'मध्ये तो परत आला. त्याच संग्रहातला 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २' तर २००९ मध्ये डिजिटल विक्रीला आला होता, २०१३ च्या शेवटी काढून टाकला आणि अकरा वर्षांनी पुन्हा आणला. पण तिथे सही करायला समोर मार्व्हल होतं, आणि मार्व्हलच्या नावावर माल खपतो. झेनोझोइक टेल्ससाठी कुठला वकील रात्र जागवेल, असं मला वाटतं.

तोवर मूळ मशीन जपू म्हणाल, तर तेही सोपं नाही. या गेमच्या अस्सल बोर्डवर आवाजाचा प्रोग्रॅम कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड बिघडतं. नक्कल थांबवायला कंपनीनेच केलेली सोय! इंजिनियर म्हणून कौतुक वाटतं आणि रागही येतो. आमच्या काकांचं बोर्ड अस्सल होतं की नकली, देव जाणे.

म्हणून आज मुस्तफा जिवंत आहे तो १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'मेम'सारख्या एम्युलेटरमुळे. एम्युलेटर बनवणं, वापरणं हा गुन्हा नाही. पण त्यात घालायची गेमची फाइल, म्हणजे रॉम, इंटरनेटवरून उचलणं ही कायद्याने नक्कलच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरतात, आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तोपर्यंत माझी नातवंडं म्हातारी होतील.

आणि हा एका गेमचा किस्सा नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला: २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. पुस्तक दुकानात संपलं तर लायब्ररीत जाता येतं. गेमसाठी घरबसल्या तशी सोय करायला लायब्रऱ्यांनी परवानगी मागितली, ती तिथल्या कॉपीराइट ऑफिसने २०२४ मध्ये नाकारली.

मी स्वतः रॉमवर खेळलोय, उगाच साळसूदपणा करत नाही. कॉलेजात हॉस्टेलवर अख्खी रात्र घालवलीये. पण नववीतल्या पोराला "घे रे कुठूनही" म्हणवत नाही, कारण मागणी खरी आणि दुकान बंद असलं की त्या दुकानासमोर कोण टपरी टाकतं, ते मामांच्या फोनवर दिसलंच. प्ले स्टोअरवर 'मुस्तफा' शोधाल तर नाव आणि चित्र बघून भुलू नका. कॅपकॉमने हा गेम ना घरच्या कन्सोलवर आणला, ना मोबाइलवर.

मामेभावाला शेवटी तो २०१८ चा बंडल घेऊन दिला, माझ्या लॅपटॉपवर. 'कॅप्टन कमांडो' आवडला त्याला. दोन तास खेळला आणि म्हणाला, "भारी आहे. पण मुस्तफा नाही ना."

काल संध्याकाळी त्याला घेऊन पार्लरच्या गल्लीत गेलो. शटर तेच आहे. आत आता लॉकर आहेत, मंदिरात मोबाइल नेता येत नाही म्हणून भाविक तिथे फोन ठेवतात. त्याने विचारलं, मशीन कुठे उभं होतं? मी कोपरा दाखवला. तिथे चपलांचा रॅक आहे.