पेट्रोलच्या आधीचे दिवस

(१० फेब्रुवारी या स्मृतिदिनानिमित्त हिंगणघाट तालुक्यात कॉलेजच्या मुली आणि बचतगटाच्या बाया यांच्यासमोर केलेलं भाषण)



स्मृतिदिनाला बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न हक्काचा येतो. गेलेल्या बाईबद्दल बोलायचा हक्क कोणाचा? मी तिची मैत्रीण नव्हते. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, याच जिल्ह्यात काम करते, बाया-मुलींच्या तक्रारी ऐकते, त्यांच्यासोबत ठाण्यात आणि कोर्टात जाते. तिच्यासोबत शिकलेल्या, तिच्या शेजारी बसून एसटीनं आलेल्या-गेलेल्या मुली या तालुक्यात आहेत. खरी आठवण त्यांच्यापाशी आहे. म्हणून आज मी तिच्याबद्दल कमी बोलणार आहे आणि मैत्रिणींबद्दल जास्त.

तिचं नाव इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी ते घेणार नाही. ज्या घरातून ती गेली त्या घराला न विचारता तिचं नाव सभेसभेतून फिरवणं मला बरं वाटत नाही. मारणाऱ्याचं नाव तर मुळीच घेणार नाही. ते निकालपत्रात आहे, तिथंच राहू दे.

घडलं ते थोडक्यात सांगते, कारण आज समोर बसलेल्या काही मुली तेव्हा लहान होत्या. ३ फेब्रुवारी २०२०, सोमवार. पंचविशीच्या आसपासची एक प्राध्यापिका सकाळी गावाहून हिंगणघाटला आली आणि कॉलेजला जायला निघाली. नंदोरी चौकाच्या भागात, भर रस्त्यात, तिच्याच गावच्या माणसानं तिच्यावर पेट्रोल टाकून तिला पेटवलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी आग विझवली. आधी इथं आणि मग नागपूरला तिच्यावर उपचार झाले. सात दिवस ती झुंजली. १० फेब्रुवारीला सकाळी ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, हिंगणघाटच्या न्यायालयानं आरोपीला जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

मधल्या काळात काय काय झालं, तेही तुम्ही पाहिलं. शहर बंद राहिलं, मोर्चे निघाले, फाशीची मागणी झाली. मंत्री आले, कॅमेरे आले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ‘शक्ती’ विधेयक मांडलं, डिसेंबर २०२१ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं. कायदा होऊन ते आपल्यापर्यंत आलं नाही. लोकांचा संताप खरा होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण हा सगळा संताप आगीनंतरचा आहे. आणि रोज माझ्याकडे ज्या मुली येतात त्या आगीच्या आधीच्या असतात. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही. त्यांच्यासाठी काय करायचं, हा आजचा प्रश्न आहे.

आधी शब्दांचं बोलू. वर्तमानपत्रांनी या घटनेला ‘जळीतकांड’ म्हटलं आणि कारण दिलं, ‘एकतर्फी प्रेमातून’. हा शब्द आपल्याकडे जुना आहे. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला रिंकू पाटील ही दहावीची मुलगी परीक्षेच्या वर्गात जाळली गेली, तेव्हा हाच शब्द होता. १९९८ मध्ये सांगलीत एका तरुणीला भररस्त्यात भोसकलं, तेव्हाही हाच. तीस वर्षांत मुली दहावीच्या बाकावरून कॉलेजात शिकवायच्या टेबलापर्यंत पोचल्या, पण त्यांना मारणाऱ्यासाठीचा आपला शब्द काही बदलला नाही.

प्रेम एकाच बाजूनं असू शकतं, त्यात गुन्हा नाही. एकानं विचारलं, दुसरीनं नाही म्हटलं, तिथं गोष्ट संपते. विचारणारा चार दिवस जेवत नाही, चार महिने उदास राहतो, मग आपल्या कामाला लागतो. असे कितीतरी भाऊ आपण पाहिलेत, त्यांनी कोणाला जाळलं नाही. जो पेट्रोल घेऊन उभा राहतो, त्याला तिचा नकार सहन होत नसतो. आपल्याला ‘नाही’ म्हणायची या बाईची हिंमत कशी झाली, हा त्याचा राग असतो. हिंगणघाटच्या प्रकरणात तर मारणारा लग्न झालेला होता. त्याला प्रेमवीर म्हणणं म्हणजे मेलेल्या मुलीवर अर्धा दोष टाकणं आहे. कारण प्रेम म्हटलं की लोक लगेच विचारतात, मग हिनं काही तरी केलं असेलच. हा शब्द आपण आपल्या तोंडून तरी काढून टाकू.

आता त्या आधीच्या दिवसांकडे येते. आपल्या भागात मुलीचं शिक्षण एसटीवर चालतं. शाळेच्या मुलींना मोफत पास मिळतो, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट आहे. सरकारनं गाडी दिली, ही मोठी गोष्ट आहे. पण गावातल्या घरापासून फाट्यापर्यंतचा आणि स्टँडपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता कोणाचा? मागं लागणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो गावातलाच असतो. कोणती गाडी, कोणती सीट, कोणत्या दिवशी कॉलेज लवकर सुटतं, हे त्याला पाठ असतं. आधी तो नुसता उभा राहतो. मग मागून गाडी हळू चालवतो. मग कोणाच्या तरी मोबाईलवरून नंबर मिळवतो. मग निरोप, मग शिव्या, मग ‘जीव देईन’, मग ‘तुला कोणाचीच होऊ देणार नाही’. पेट्रोल या सगळ्याच्या शेवटी येतं.

रस्त्यावरची ही लढाई बाईला नवी नाही. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर लोक शेण आणि दगड फेकत. त्या दुसरं लुगडं सोबत घेऊन जात, हे आपण शाळेत ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण सावित्रीबाई या कामात एकट्या नव्हत्या, त्यांच्यासोबत फातिमा शेख होत्या, हे आपण फार कमी वेळा सांगतो. शिकवायला निघालेली बाई कोणाला तरी तेव्हाही खुपत होती. आणि तेव्हाही तिला सोबतीण लागत होती.

मुलगी हे दिवस घरी का सांगत नाही? एका आईनं मला सांगितलं, ‘ताई, तुमी म्हणता ते बरोबर आहे. पण गावात गोठ पसरली का लोक पोरीलेच नावं ठेवतेत. मंग इचं लगन कसं जमन?’ ही आई दुष्ट नाही. तिनं गाव पाहिलेलं आहे. घरी कळलं की पहिला निर्णय मुलीबद्दल होतो. मोबाईल काढून घ्या, कॉलेज बंद करा, मामाकडे पाठवा, पाहुणे बोलवा. त्रास देणारा पोरगा चौकात बसलेलाच राहतो आणि मुलगी घरात बसते. मुलीला हे आधीच ठाऊक असतं. म्हणून ती आईला सांगत नाही, बापाला सांगत नाही, सरांना सांगत नाही. सांगते फक्त मैत्रिणीला. तेही अर्धं, तेही हसत हसत.

म्हणून मी म्हणते, पहिलं ठाणं म्हणजे मैत्रीण. तक्रार आधी तिथं पोचते.

आता कायद्याचं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ साली पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा झाला. तेव्हा ते कलम ३५४ ड होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. मुलीनं स्पष्ट नकार दाखवूनही वारंवार मागं जाणं, संपर्क साधायचा प्रयत्न करणं, तिच्या फोनवर किंवा इंटरनेटवर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र आहे. हे आपोआप झालेलं नाही. लोकसभेत चर्चा चालू असताना शरद यादवांसारख्या ज्येष्ठ नेत्यानं, आपल्यापैकी मुलींच्या मागं कोण गेलं नाही, अशा अर्थाचा सवाल केला होता. जिथं कायदा होतो तिथंही पाठलाग ही तारुण्यातली गंमत वाटत असेल, तर पारावर ती का वाटणार नाही?

जामीनपात्र आहे म्हणून तक्रार करू नये, असं मात्र नाही. पहिली तक्रार नोंदली गेली नाही, तर दुसऱ्या वेळचं कडक कलम कधीच लागू शकत नाही. ही नोंद महिला अधिकाऱ्यानंच घ्यायची असते, हे लक्षात ठेवा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

एक अनुभव सांगते. मुलींची नावं, गाव काही सांगत नाही. दोघी मैत्रिणी आमच्याकडे आल्या. जिला त्रास होता ती गप्प होती, बोलत होती दुसरी. ‘ताई, तो रोज हिच्या मागं येऊन राहिला.’ तिनं पिशवीतून वही काढली. वहीच्या मागच्या पानांवर तारखा लिहिल्या होत्या. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं उभा होता, काय बोलला, सोबत कोण होतं. दीड महिन्याचा हिशोब. आम्ही ठाण्यात गेलो. तिथं नेहमीप्रमाणे ‘समज देऊन सोडतो, मुलीचं भविष्य बघा’ हे ऐकलं. मग वही टेबलावर ठेवली. त्या वहीपुढं ‘पोरींचं काही तरी असतं’ हे म्हणता आलं नाही. तक्रार नोंदली गेली. पोराचं मागं येणं थांबलं. मुलगी पदवीपर्यंत शिकली.

पण याची किंमत त्या वहीवाल्या मैत्रिणीनं मोजली. गावात तिला ‘पोलिसवाली’ म्हणू लागले. घरच्यांनी तिला काही दिवस कॉलेजला पाठवलं नाही. मैत्री निभावणं फुकट नसतं. म्हणून हे ओझं एका मुलीवर टाकून आपण बाकीच्यांनी मेणबत्त्या लावून घरी जायचं, हे चालणार नाही.

मुलींनो, मैत्रिणीनं सांगितलं तर हसू नका आणि ‘भाव देऊ नको, आपोआप जाईल’ म्हणू नका. तारखा लिहा, निरोप पुसू नका. ‘एकदा भेटून समजावून सांग’ हा सल्ला तर कधीच देऊ नका. एकटीनं शेवटचं भेटायला जाणं धोक्याचं आहे. तिच्या विचारानं एक मोठं माणूस निवडा आणि त्याला सांगा. घरातलं कोणी नसेल तर कॉलेजातल्या बाई, तक्रार समिती, जिल्ह्याचं सखी केंद्र. १८१ आणि ११२ हे नंबर पाठ करा.

आयांनो, बापांनो, मुलगी सांगायला आली तर त्या रात्री एकच वचन द्या: तुझं कॉलेज बंद होणार नाही. हे वचन मिळालं तर ती पुढचं सांगेल. नाही मिळालं तर ती पुन्हा कधीच तोंड उघडणार नाही.

आणि भावांनो, तुम्हाला मुद्दाम शेवटी घेतलं. मागं लागणाऱ्यालाही मित्र असतात. त्याला गाडी कोण देतं? नंबर कोण मिळवून देतं? तिच्या नावानं त्याला चिडवून चढवतं कोण? ‘मर्द असशील तर’ कोण म्हणतं? मुलीच्या मैत्रिणीला कळतं त्याच्या किती तरी आधी त्याच्या मित्रांना कळलेलं असतं. तिला वाचवायला तुम्ही ढाल घेऊन यायची गरज नाही. तुमच्यातल्या एकानं त्याला तोंडावर सांगावं, तिनं नाही म्हटलंय, आता बस. नाही ऐकलं तर तिच्या माणसांना सांगावं. याला दगाबाजी म्हणतील लोक. म्हणू द्या. त्या एका शब्दानं कोणाची तरी पोरगी कॉलेजला पोचेल, आणि तुमचा मित्रही तुरुंगाबाहेर राहील.

न्यायालयानं आपलं काम केलं. जन्मठेप झाली. पण त्या निकालानं एक बाई परत वर्गात जाऊन उभी राहिली नाही. तिनं शिकवायचे किती तरी तास शिल्लक होते. ज्या मुलींना ती शिकवणार होती, त्या कोणा दुसऱ्याकडून शिकल्या किंवा शिकायच्या राहिल्या. तिचं स्मरण करायचं तर ते तास चालू राहिले पाहिजेत. या तालुक्यातली एकही मुलगी रस्त्याच्या भीतीनं घरी बसता कामा नये.

म्हणून आज उठण्याआधी प्रत्येकीनं मनाशी ठरवा, आपल्यावर अशी वेळ आली तर आपण कोणाला सांगू. एक नाव ठरवा. आणि जिचं नाव ठरवलं, तिला आजच सांगून ठेवा की मी तुझं नाव ठरवलं आहे. तिलाही कळू दे की तिच्यावर कोणाचा तरी भरवसा आहे.

पाचच्या गाडीनं जाणाऱ्या मुलींनी आता निघावं. स्टँडपर्यंत सगळ्या सोबत जा.