आधी छप्पर, मग बटण

(परभणी जिल्हा मेळाव्यात एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलायचे, कर्जावर बोलायचे. हा बाबा गावच्या सभागृहावर काय बोलायला उठला, असे तुम्हाला वाटेल. पण सभागृह आपल्याच पैशाने होते आणि त्याचे विजेचे बिल आपणच भरतो. म्हणून त्याचा हिशेब मांडायलाच पाहिजे.

आमच्या गावात काही वर्षांपूर्वी सभागृह झाले. चाळीस फूट बाय पंचवीस फूट. वर स्लॅब, चारी बाजूंनी भिंती, दोन लहान खिडक्या. नारळ फुटला, फोटो निघाले. पहिल्याच मे महिन्यात बियाण्याच्या प्रश्नावर तिथे दुपारी बैठक बोलावली. अर्ध्या तासात एक आजी भोवळ येऊन पडली. तिला उचलून बाहेर लिंबाखाली आणले, पाणी दिले, तेव्हा शुद्धीवर आली. बैठक त्या लिंबाखालीच पुरी झाली. सभागृहाला जे कुलूप लागले ते लागलेच. पुढे बिल थकले, वीज तोडली. आज तिथे सरकीची पोती पडून आहेत.

आता दुसरे सभागृह बांधायचे चालले आहे. सांगणारे सांगतात, यंदा ए.सी. बसवू, मोबाईलवर चालणारे स्मार्ट पॅनेल बसवू. ऐकायला बरे वाटते. पण मी विचारतो, ती आजी पडली ती बटण नव्हते म्हणून पडली का? ती छपरामुळे पडली.

हे समजून घ्या. परभणी एकोणीस अक्षांशाच्या थोडी वर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचे ऊन भिंतीवर फार पडत नाही, सगळे छपरावर ओतले जाते. स्लॅब दिवसभर तव्यासारखा तापतो आणि संध्याकाळनंतर तीच उष्णता खाली सोडतो. पत्रा तर विचारूच नका. अशा छपराखाली यंत्र बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरत राहणे.

आपल्या वाडवडिलांना हे कळत होते. मराठवाड्यातले माळवद काय होते? लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन आत उतरायच्या आत रात्र व्हायची. पण त्याच माळवदाने आपल्याला रडवलेही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरचा मातीचा बोजा झोपलेल्या माणसांवर आला. लोकांनी माळवदाची धास्ती घेतली ती उगीच नाही. पण माळवद सोडताना बोजा गेला, त्याबरोबर गारवाही गेला. गारवा परत आणायचा आणि बोजा आणायचा नाही, हे आजचे काम आहे.

ते जमते. पहिला उपाय सगळ्यांत स्वस्त आहे, छप्पर पांढरे करा. स्लॅब झाडून, धुऊन त्यावर चुन्याचे दोन हात मारा, टिकावे म्हणून त्यात थोडा डिंक घाला. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळपट स्लॅब ते पिऊन घेतो. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. पावसाने चुना जातो, धुळीने मळतो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा मारायचा. हे काही खुळ नाही. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्म्याने फार माणसे दगावली. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना केली आणि पुढे गरिबांच्या वस्त्यांतली छपरे पांढरी करायला घेतली. शेजारच्या तेलंगणाने 2023 साली थंड छपरांचे राज्याचे धोरणच जाहीर केले.

पत्रा असेल तर वरून पांढरा रंग द्या आणि खालून तट्ट्यांचे छत करा. दोन्हींमध्ये हातभर जागा ठेवा आणि तिथली गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा. गोठ्याच्या पत्र्यावर आपण पऱ्हाट्या आणि कडबा टाकतोच ना? सभागृहावर कडबा टाकायचा नाही, आगीचे भय आहे. पण बैलासाठी जी अक्कल वापरतो ती माणसासाठी वापरायला काय हरकत आहे?

नवे बांधकाम असेल तर लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा. दक्षिणेचे ऊन छज्जा अडवतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्याला छज्जा पुरत नाही. तिकडे ओसरी काढा, पुढे दोन लिंब लावा. आपल्याकडे उन्हाळी वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो. तो ओसरीच्या सावलीतून आत घ्या आणि समोरच्या भिंतीत वर, छताजवळ झरोके ठेवा. गरम हवा वर चढते, ती तिथून निघून जाते. सकाळी नऊला खिडक्या लावायच्या, रात्री उघडायच्या. आपल्या आया-आज्या घरात हेच करत आल्या.

आता बटणाकडे येऊ. हिशेब करा. एवढ्या हॉलला माणसे भरल्यावर दीड टनाचे चार ए.सी. लागतील. पूर्ण चालले तर तासाला सुमारे सहा युनिट. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो. बी.एल.डी.सी. नावाचा पंखा 30 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, आणि व्होल्टेज उतरले तरी मरगळत नाही. असे आठ पंखे 240 वॅट घेतात. ए.सी.च्या एका तासाच्या विजेवर हे आठ पंखे 25 तास फिरतात. खरे तेही सांगतो. पारा चाळिशीच्या पुढे गेला की नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो. कूलर आपल्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण त्याला पाणी लागते आणि मेमध्ये आपण टँकरची वाट पाहत असतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी छप्पर.

स्मार्ट म्हणतात ते यंत्र आपल्याला नवे नाही. पंपाला लावलेला ऑटो-स्विच दुसरे काय आहे? लाईट आली की पंप आपोआप सुरू. रात्री उठून रानात जायचे वाचले. पण सगळ्या शिवाराचे ऑटो-स्विच एकाच क्षणी लागतात, सगळ्या मोटरी एकदम ओढ घेतात आणि डी.पी. जळते. मग ऐन पाण्याच्या पाळीला आठ-आठ दिवस अंधार. दोष यंत्राचा नाही. चालू कर एवढेच त्याला शिकवले, कधी थांब, आपल्या पाळीची वाट पाहा, हे शिकवले नाही. सभागृहाचे यंत्र घेताना हे ध्यानात ठेवा. माणूस विसरतो ते काम यंत्राला द्या, आणि बिघडले तर तालुक्याच्या गावात दुरुस्त होईल असेच घ्या.

एक उदाहरण देतो. गावात 20 वॅटचे चाळीस दिवे खांबावर आहेत आणि बंद करायला कोणी जात नाही. दिवसाचे बारा तास फुकट जळाले तर रोज 9.6 युनिट, महिन्याला 288 युनिट. उजेड पडला की दिवा विझवणारा साधा फोटो-स्विच ही नासाडी थांबवतो. ते आठ पंखे रोज आठ तास चालवले तर दिवसाला 1.92 युनिट लागतात. म्हणजे एका महिन्याच्या नासाडीवर सभागृहाचे पंखे 150 दिवस चालतात! हॉलमध्ये माणूस नसला की दिवे-पंखे बंद करणारा स्विच लावा. त्यापुढचे मोबाईलचे पॅनेल शहरातल्या दहा मजली इमारतीला शोभते, आपल्या एका खोलीला नाही.

सौर पॅनेल शेवटी. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी 2024 साली राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. आपल्याकडे ऊन काय कमी आहे? एका किलोवॅटला दिवसाकाठी चारेक युनिट मिळतात. पण आधी खर्च उतरवा, मग लहान संचात भागते. आणि एक गोष्ट विकणारा सांगत नाही. बॅटरीशिवाय लाईनला जोडलेला संच लाईट गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. भारनियमनात दिवा हवा असेल तर बॅटरीचे आधी बोला. पॅनेलवरची धूळ कोण पुसणार हेही ठरवा.

कोणी म्हणेल, चार युनिट वाचवून काय होणार? परळीचे वीज केंद्र 2013 साली आणि पुन्हा 2015 साली बंद पडले. पाणी नव्हते म्हणून. वीज कोळशाबरोबर पाणीही खाते, आणि कोरडवाहू माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही.

तेव्हा ग्रामसभेत सभागृहाचा ठराव येईल तेव्हा गप्प बसू नका. पाच प्रश्न विचारा. छप्पर थंड राहायला काय केले? पश्चिमेला सावली आहे का? महिन्याला किती युनिट लागतील? बिघडले तर कोण, किती दिवसांत दुरुस्त करील? किल्ली आणि बिल कोणाच्या हातात राहील? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, मगच हात वर करा.

आणि जुने सभागृह असेल त्या गावाने ठरावाचीही वाट पाहू नये. चुना, बादली, कुंचा आणि चार पोरे, एवढ्यावर सुरुवात होते. आमच्या गावात यंदा उन्हाळ्याआधी सरकीची पोती बाहेर काढून आम्ही स्लॅबवर चढणार आहोत. पुढची बैठक त्या आजीला पहिल्या ओळीत बसवून आतच घ्यायची आहे.