स्थिर पडद्यामागची धावपळ

60 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगवला जातो. दर 16.7 मिलिसेकंदांनी एक चित्र संपतं आणि पुढचं सुरू होण्याआधीच्या फटीत ग्राफिक्स चिप प्रोसेसरला हाक देऊ शकते; तिला इंटरप्ट म्हणतात. चित्र या फटीतच बदललं तर पडद्यावर ते मधोमध चिरल्यासारखं दिसत नाही. पण तुम्ही नुसतं एक पान वाचत बसला असाल, तर ही हाक कुणासाठी? सेकंदाला साठ हाका म्हणजे किरकोळ काम, असं कुणी म्हणेल. काम किरकोळच आहे. खर्च येतो तो गाढ झोपलेल्या प्रोसेसरला पुन्हा पुन्हा उठवण्याचा, आणि तो बॅटरीतून वसूल होतो.

म्हणून लिनक्समध्ये ही हाक कोणाकोणाला हवी आहे याची मोजदाद ठेवली जाते. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की इंटरप्ट बंद, पण लगेच नाही: ठरलेली मुदत एरवी 5000 मिलिसेकंदांची. बंद-चालू करताना चित्रांची मोजणी चुकेल, ही त्यामागची भीती, आणि ती रास्त आहे. मात्र चिपमध्येच चित्रं मोजणारा भरवशाचा काउंटर असेल, तर मधल्या काळाचा आकडा नंतर त्यातून वाचता येतो. अशा यंत्रावर पाच सेकंद ताटकळणं ही निव्वळ उधळपट्टी. काउंटर नसलेल्या चिपवर ती मुदत खुशाल राहू द्यावी.