साखर, वेट वॉचर्स आणि चीनची चित्रं

आज बेल्जियमच्या गी उलेन्स यांची गोष्ट. जन्म १९३५, गेले २०२५ मध्ये.

घरचा धंदा साखरेचा. तो मोठा कारखाना १९८९ साली एका जर्मन कंपनीला विकला. आणि १९९९ मध्ये कुटुंबाच्या आर्ताल कंपनीने काय विकत घेतलं, माहितीये? वेट वॉचर्स! म्हणजे आधी साखर विकून कमवायचं, मग वजन उतरवून कमवायचं. हसू येतं, पण पुढचं सगळं याच पैशावर उभं राहिलं.

१९८० च्या दशकात उलेन्स कामासाठी चीनला जायचे. मोकळा वेळ मिळाला की तिथल्या तरुण चित्रकारांच्या स्टुडिओत. तेव्हा या चित्रांना गिऱ्हाईक फारसं नव्हतंच. हे घेत गेले. २००६ मध्ये नेपाळमध्ये उलेन्स स्कूल सुरू झालं. २००७ मध्ये त्यांनी आणि पत्नी मिरियम यांनी बीजिंगच्या ७९८ भागात, एका जुन्या कारखान्यात, कलाकेंद्र उघडलं. नाव यूसीसीए. त्यातला 'यू' म्हणजे उलेन्स.

आता खरी गंमत. २०११ मध्ये त्यांनी हाँगकाँगला शंभरावर चित्रं लिलावात काढली. झांग श्याओगांग यांचं एकच चित्र सुमारे ७ कोटी ९० लाख हाँगकाँग डॉलरला गेलं. २०१३ मध्ये झेंग फानझी यांचं 'द लास्ट सपर' विकलं, १८ कोटींच्या वर! काय चित्र आहे ते! जेवणाच्या टेबलावर कलिंगडाच्या फोडी, बसलेल्यांच्या गळ्यात शाळकरी पोरांचे लाल रुमाल. आणि ज्यूडासच्या जागी बसलेल्याच्या गळ्यात? पिवळा टाय. पैशाच्या मागे गेलेला तो.

टीका झालीच. आधी म्युझियम काढून नाव वाढवायचं, मग चढ्या भावात माल काढायचा, याला दानधर्म म्हणायचं का?

मला विचाराल तर टीका अगदीच खोटी नाही. चित्रं त्यांच्या मालकीची होती हे कबूल, पण त्यांच्या एका लिलावाने अख्ख्या बाजाराचा श्वास अडकायचा, आणि त्या बाजारात चित्रकारांचं पोट होतं. पण फक्त नफाच हवा असता, तर चित्रं गोदामात ठेवूनही चाललं असतं. बीजिंगमध्ये दहा वर्षं केंद्र चालवायचा खर्च कशाला?

२०१७ मध्ये त्यांनी ते केंद्रही नव्या मालकांकडे सोपवलं. ते आजही चालू आहे. मालक बदलले, पण नावातला 'यू' कोणी काढला नाही.