पाच मीटर अंतरावरून



संयोजकांनी मला सांगितलं, "पेंग्विनचे फोटो दाखव आणि दहा मिनिटं बोल." सकाळपासून तिघांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: "पेंग्विन राणीच्या बागेत आहेत की! एवढ्या लांब कशाला गेलीस?" आधी त्याचं उत्तर देते. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. 2016 साली ते सेऊलहून आणले. त्यांचं मूळ घर म्हणजे पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नसतो. मला बर्फातले पेंग्विन बघायचे होते.

खरं कारण मात्र आपल्या भूगोलाच्या तासातलं आहे. बाई पृथ्वीचा गोल फिरवायच्या आणि त्याच्या तळाशी असलेला पांढरा डाग माझ्याकडे यायचा. मी तांडेलाची मुलगी. पण आपल्याकडे समुद्रात बाबा आणि भाऊ जायचे, आई बंदरावर मासळी विकायची. मुलींनी बोटीवर पाय ठेवायचा नाही. पुढे कधीतरी वाचलं, की डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. अदितीताईंचा जन्म नागपूरचा. आपण तेव्हा बालवाडीतही नव्हतो. ते वाचलं आणि तो पांढरा डाग पुन्हा डोळ्यांसमोर आला.

जानेवारी 2024 मध्ये अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून आमचं जहाज निघालं. ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस लागले आणि तांडेलाची मुलगी दोन्ही दिवस उलट्या करत पडून होती. हे बाबांना कळलं तेव्हा ते इतके हसले, की त्यांना खोकल्याची उबळ आली.

पहिल्या दिवशीचे माझे सगळे फोटो बिघडले. बर्फ राखाडी, सिमेंटच्या गोणीसारखा. कारण साधं आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे असं कॅमेरा धरून चालतो. बर्फ फार उजळ, म्हणून तो फोटो काळवंडून टाकतो. त्याला आपण हाताने एक-दीड पायरी उजेड वाढवून द्यायचा. पण जास्त वाढवला, तर पेंग्विनच्या पोटावरची पिसं नाहीशी होऊन नुसता पांढरा ठिपका उरतो. आणखी दोन गोष्टी शिकले. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवायच्या. आणि बाहेरून आल्यावर केबिनमध्ये कॅमेरा लगेच उघडायचा नाही. पिशवीत बंद करून हळूहळू उबेला येऊ द्यायचा, नाहीतर भिंगावर पाणी धरतं.

किनाऱ्यावर उतरण्याचे नियम कडक. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं. जाता-येता बूट जंतुनाशकात धुवायचे. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. बर्ड फ्लूच्या भीतीने गुडघे टेकायला, बसायला, बॅग खाली ठेवायलाही बंदी. पेंग्विनचा चांगला फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून येतो आणि त्याची उंची माझ्या गुडघ्याहून थोडी जास्त! मग कॅमेऱ्याचा पडदा वर वळवून, कॅमेरा हाताने खाली धरून फोटो काढले. बर्फात त्यांच्या ये-जा करण्याच्या पायवाटा पडलेल्या असतात. त्यावर ते आले की माणसाने थांबायचं. मी थांबले. एक जेंटू पेंग्विन खडा चोचीत धरून माझ्यासमोरून गेला. त्याने तो घरट्यात ठेवला आणि वळला, तेवढ्यात शेजाऱ्याने तो पळवला. आपल्या वर्गातल्या खोडरबरांची आठवण झाली.

नेको हार्बर नावाच्या ठिकाणी वाटाड्याने सगळ्यांना आधी पाण्यापासून लांब, चढावर नेलं. समोर हिमनदीचा कडा होता. थोड्या वेळाने तोफेसारखा आवाज झाला, कड्याचा एक तुकडा पाण्यात कोसळला आणि लाट किनाऱ्यावर चढली. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मला मात्र आपली पावसाळ्यातली उधाणं आठवली, बंधाऱ्यावरून घरात शिरणारं पाणी आठवलं. जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरला की समुद्र वाढतो, हे वाक्य आपण परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. मार्क मिळाले, पण त्याचा अर्थ त्या चढावर उभी असताना कळला. त्या क्षणाचा माझ्याकडे फोटो नाही. हात कॅमेऱ्याकडे गेलाच नाही.

घरी आल्यावर बाबांना लॅपटॉपवर फोटो दाखवले. समुद्रातून परतणाऱ्या एका पेंग्विनवर ते थांबले. म्हणाले, "हा भरून आलाय. चाल बघ त्याची." खरंच, त्याच्या पुढच्या फोटोत तो पिल्लाला भरवत होता. मग त्यांनी विचारलं, "तिथं मासळी पुरते का त्यांना?" मी सांगितलं, ते मुख्यतः क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खातात, आणि आता मोठी जहाजं तेही धरायला जातात. बाबा गप्प झाले. आपलं पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झालं, पण बंदरावर पापलेटची पिल्लंही विकायला येतात. बराच वेळाने ते म्हणाले, "पिल्लू धरलं की पुढचं साल गेलं."

त्या रात्री मी बाबांचा बोटीवरचा फोटो शोधला. लग्नातले, बारशातले, सगळे सापडले. बोटीवरचा एकही नाही. पेंग्विनचे चार हजार फोटो, आणि ज्या बोटीने माझी फी भरली तिचा एक नाही. बोट सहा वर्षांपूर्वीच विकली. दुसऱ्या दिवशी मी बाबांना बंदरावर नेलं. ते दुसऱ्याच्या बोटीला हात लावून उभे राहिले. आईचे मासळी कापणारे हातही टिपले. त्यासाठी मला दहा हजार मैलांवरून पाच मीटरपर्यंत यावं लागलं.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी जुन्या होड्यांचे, जाळी विणणाऱ्या आजोबांचे, सुकणाऱ्या बोंबलांचे फोटो असतील तर द्या. मी ते स्कॅन करून शाळेच्या वाचनालयाला देईन. नसतील, तर आज घरी जाऊन काढा.

आणि वर्गातले जे अजून समुद्रावर जातात, त्यांना दुसरी विनंती: एकदा मला दालद्याच्या बोटीवर न्या. उलट्या करणार नाही, असं वचन मात्र देत नाही.