लुगडं बदलायचं कुठं?



बाबासाहेब १९५६ला गेले. दर सहा डिसेंबरला लाखो माणसं चैत्यभूमीला येतात, शिवाजी पार्कात मुक्काम टाकतात. त्यांच्यासाठी फिरते संडास येतात, गर्दी पांगली की उचलून नेतात. आपला माणूस दरसाल येतो, त्याचा संडास मात्र हंगामी!

रात्रभर गाडीत उभी राहिलेली म्हातारी दोघींनी धरलेल्या चादरीआड लुगडं बदलते. माझी आय पण तशीच बदलायची. आम्ही पोरं पाठ फिरवून उभी.

पक्के संडास पायजेत. नळाला पाणी, दाराला कडी, बायांना कपडे बदलायला खोली. अन् ते धुणार कोण? मैला उपसण्यावर बंदीचे कायदे १९९३ला झाले, २०१३ला झाले. झाडू अजून आपल्याच हातात. तेव्हा सफाईवाल्याची कायम नोकरीही मागणीत घाला.

अर्ज लिहून आणलाय. सह्या करा. अंगठाही चालंल.